दुसऱ्या उपकरणाशी जोडलेले

चारुता शिरगुप्पे मिरजेच्या चेतापुनर्वास केंद्रातल्या सात नंबरच्या खोलीत पोचली, तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि राजश्री मगदूम लॅपटॉप पुन्हा एकदा बंद करून चालू करत होत्या.

"पाच दिवस झाले, मॅडम. एक शब्द नाही," त्या म्हणाल्या. "दुखतंय का, माझ्यावर रागावलेत का, काही कळायला मार्ग नाही. आज सकाळी म्हटलं, माणूस आहे का गेला, हेच मला कोणीतरी सांगा."

पलंगावर श्रेणिक मगदूम डोळे मिटून पडले होते. तीस वर्षं त्यांनी गावोगावच्या गोठ्यांत गाईम्हशींवर उपचार केले होते. मग चेतातंतूंच्या आजाराने त्यांचे हात गेले, पाय गेले, जीभ गेली, शेवटी पापण्यांची हालचालही गेली. कान आणि बुद्धी मात्र शाबूत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मेंदूत तांदळाच्या दाण्याएवढं वाग्बीज बसवलं होतं. मनात उच्चारलेलं वाक्य ते पकडायचं, बिनतारी लहरींनी लॅपटॉपकडे पाठवायचं, आणि लॅपटॉप ते श्रेणिकरावांच्याच जुन्या, किंचित घोगऱ्या आवाजात बोलून दाखवायचा. वाग्बीज घडवणाऱ्या चमूत चारुता पहिल्यापासून होती.

तिने नेहमीच्या क्रमाने तपासायला सुरुवात केली. वाग्बीजाची बॅटरी ऐंशी टक्के भरलेली. लॅपटॉपचा बिनतारी भाग ठीक, तिचे इयरफोन त्याला चटकन जोडले गेले. जोडणीची आज्ञावली तिने पुसून नव्याने टाकली. तरी पडद्यावर तेच, 'उपकरण सापडत नाही'.

"पाच दिवसांपूर्वी काही वेगळं घडलं होतं?"

"लॅपटॉप आपला आपणच अपडेट होत बसला होता. वीसएक मिनिटं. त्यानंतर हे असं."

चारुताने स्वतःचं तपासयंत्र काढून थेट वाग्बीजाला विचारलं. उत्तर आलं आणि ती पडद्याकडे बघतच राहिली. 'दुसऱ्या उपकरणाशी जोडलेले'.

"दुसरं कुठलं?" राजश्रीताईंचा आवाज चढला. "आमच्याकडे हा एकच लॅपटॉप. यांचं बोलणं कोण तिसराच ऐकतोय की काय?"

चारुतालाही तीच भीती वाटली. चोरून ऐकणारा असेल, तर तो जवळच असणार. वाग्बीजाची लहर पाच-सहा मीटरच्या पलीकडे जात नाही. तपासयंत्र हातात धरून ती खोलीत फिरू लागली. दाराशी त्या दुसऱ्या उपकरणाची खूण क्षीण झाली, खिडकीशी आणखी क्षीण. पलंगामागच्या भिंतीशी मात्र काटा चढत गेला. भिंतीपलीकडे आठ नंबरची खोली होती.

तिथे यशोधरा बनसोडे होती. वय एकोणतीस, रेल्वेत सिग्नल विभागात नोकरी. चौदा महिन्यांपूर्वी अपघातात डोक्याला मार बसला, तेव्हापासून ती श्वासयंत्रावर होती. तिचे वडील, धम्मपाल बनसोडे, तिचा तळवा चोळत बसले होते. डॉ. उल्का हेरवाडे त्यांच्याजवळ उभ्या होत्या.

"आत्ता नको, चारुता," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "चार वाजता श्वासयंत्र काढायचंय. दोन्ही वैद्यकीय मंडळांची संमती आली."

"हिलाही वाग्बीज आहे?"

"प्रयोग म्हणून बसवलं होतं. सहा महिने लॅपटॉप लावून ठेवला, एक अक्षर उमटलं नाही. उजेडाला प्रतिसाद नाही, आवाजाला नाही, टोचलं तरी नाही. मग लॅपटॉप काढून नेला."

"पण बीज चालूच राहिलं."

"असेल. का?"

चारुताने त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. शेजारचा लॅपटॉप वीस मिनिटं बंद होता, त्या वेळात श्रेणिकरावांचं बीज जोडीदार शोधत राहिलं. भिंतीपलीकडे यशोधराचं बीज मोकळं होतं. दोन्हींची गाठ बसली. बीज एका वेळी एकाशीच जोडलं जातं, म्हणून लॅपटॉपला ते सापडेना.

"म्हणजे दोन यंत्रं आपसात कुरकुरतायत," डॉक्टर म्हणाल्या. "जोडणी तोडून टाक. त्या बाईंचा जीव तरी भांड्यात पडेल."

"नुसत्या यंत्रांची जोडणी चाळीस सेकंदांत तुटते, डॉक्टर. आम्ही ती तशीच बनवलीय. रुग्णाच्या नावावर लॅपटॉपने भलतंसलतं बोलू नये, म्हणून बीज वाक्य आधी थेट मेंदूत परत उमटवतं. रुग्णाने मनातून 'हो' म्हटलं तरच ते पुढे जातं. हाकेला ओ म्हणतो आम्ही त्याला. बीज स्वतःहून ओ देऊ शकत नाही. शब्द कळलेला मेंदूच ती देऊ शकतो. दर चाळीस सेकंदांत दोन्हीकडून ओ आली नाही, तर गाठ सुटते."

"आणि ही गाठ..."

"यंत्रातल्या नोंदींप्रमाणे पाच दिवस टिकलीय. रोज सातेक तास सुटते आणि पुन्हा बसते. झोपेची वेळ असावी ती."

डॉक्टरांनी वळून यशोधराकडे पाहिलं. "पण मग सहा महिने आमच्या लॅपटॉपला काहीच कसं दिलं नाही हिने?"

"लॅपटॉप शिकतो कसा? पडद्यावर शब्द दाखवतो, कानात ऐकवतो आणि 'हा मनात म्हणा' असं सांगतो. अपघातात हिचे डोळे आणि कान दोन्ही गेले असतील तर? स्पर्शही? तुमच्या सगळ्या परीक्षा याच वाटांनी आत जातात. तिला कोणी काही विचारलंय हे तिला कळलंच नाही. मगदुमांचं वाक्य मात्र या वाटांनी आलंच नाही. ते थेट मेंदूत उमटलं. तेच मनात म्हणत गेली, तसं तिचं बीजही तिचे शब्द ओळखायला शिकलं."

धम्मपाल बनसोडे कधी उठून मागे येऊन उभे राहिले होते, कोणाच्या लक्षात आलं नाही. त्यांनी कितपत ऐकलं, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं.

"मी सही केलीय," ते म्हणाले. "डॉक्टर, मी सही केलीय हो."

"ती रद्द," डॉक्टर हेरवाडे म्हणाल्या. "पण दोन्ही मंडळांपुढे पुरावा ठेवावा लागेल. त्या दोघांचं बोलणं वाचता येईल?"

"नाही. ते कुलूपबंद असतं. श्रेणिकरावांनीच सांगितलं तर कळेल."

डॉक्टर आणि बनसोडेंना घेऊन ती पुन्हा सात नंबरमध्ये आली आणि तिने राजश्रीताईंना सगळं थोडक्यात सांगितलं. श्रेणिकरावांना ऐकू येत होतं. गाठ अचानक तोडली, तर पलीकडच्या काळोखात त्या मुलीला काय वाटेल, या विचाराने चारुता त्यांच्या कानाशी वाकली.

"काका, तुम्ही कोणाशी बोलताय ते आम्हाला कळलंय. दहा मिनिटांसाठी लॅपटॉपवर या. तिला तसं सांगून या."

तपासयंत्रावर बराच वेळ हाका आणि ओ होत राहिल्या. मग गाठ सुटली. लॅपटॉपने टुण्ण आवाज केला.

"राजश्री," घोगरा आवाज म्हणाला.

राजश्रीताईंनी तोंडाला पदर लावला.

"तिचं नाव यशोधरा. आईचं नाव सुगंधा, ती लहानपणीच गेली. वडील तिला ठमे म्हणतात. तिला वाटत होतं, आपण मेलोय. मी रोज सांगतो, नाही. मघाशी कुठे तिला पटलं."

दारात उभे असलेले बनसोडे खालीच बसले. 'ठमे' हे नाव केंद्रातल्या एकाही कागदावर नव्हतं. डॉक्टरांनी ते सगळं घाईघाईने लिहून घेतलं.

राजश्रीताई मात्र दुसऱ्याच गोष्टीपाशी अडकल्या होत्या. "रोज सात तास गाठ सुटत होती म्हणे," त्या सावकाश म्हणाल्या. "त्या वेळात तुम्हाला इकडे येता आलं असतं?"

"आलं असतं."

"मग?"

"लॅपटॉप हाक मारत होता, मी ओ दिली नाही. गाठ एकाशीच बसते. मी इकडे असताना ती उठली असती, तर तिच्या हाकेला कोणीच नसतं. चौदा महिने ती तशीच होती. तू मला दिसत नाहीस, पण तुझं बोलणं मला ऐकू येतं, राजश्री. तिला कोणाचंच काही ऐकू येत नाही."

"मी पाच दिवस तुमच्या उशाशी रडत होते."

"ऐकत होतो."

राजश्रीताईंनी चारुताकडे पाहिलं. "दोन्हीकडे एकदम जोडता नाही येणार?"

"तसं बीज करता येईल. पण मेंदूतल्या यंत्रात बदल करायला परवानग्या लागतात. आठ महिने, कदाचित वर्ष."

श्रेणिकरावांची फुप्फुसं दिवाळीपर्यंत साथ देतील की नाही, याबद्दल डॉक्टरांनीच मागच्या आठवड्यात शंका घेतली होती.

"दहा मिनिटं होत आली," लॅपटॉप म्हणाला. "ती मोजत असेल. राजश्री, तू सांगशील तसं."

राजश्रीताईंनी खुर्ची पलंगाजवळ ओढली, नवऱ्याचा निर्जीव हात मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताने लॅपटॉप मिटला.

"जा," त्या म्हणाल्या. "आणि तिला सांगा, तिचा बाप इथेच बसलाय."