दोर चालू आहे

पटो न पटो, हे घडलंय. माझ्या धाकट्या मामाच्या बाबतीत, भर दुपारी, कारखान्यामागच्या टाकीत.

दोघे मामा रसायनांच्या टाक्या धुवायचे. एक आत, एक वर तोंडाशी. आतल्याच्या छातीला दोर, दुसरं टोक वरच्याच्या मुठीत, ताठ. आतला श्वास घेई तसा दोर किंचित ओढला जाई. कुणी विचारलं की वरचा म्हणायचा, "दोर चालू आहे." म्हणजे माणूस ठीक आहे.

त्या दिवशी थोरला आत होता. मुकादम धाकट्यावर खेकसला, "खांबासारखा उभा काय राहिलास? ट्रक खाली कर! दोर हूकला बांध."

हूकला काय डोंबल कळणार श्वास!

थोरला मामा आतच गुदमरून गेला. "मास्क त्यानेच काढला," म्हणून साहेब लोक हात झटकून मोकळे.

महिन्याच्या आत त्याच टाकीत धाकट्याला उतरवलं. वर पुन्हा हूकच. दोन घरांचं पोट त्याच्यावर, म्हणून दातओठ खात तो उतरला. घासायला लागला. आणि मग…

दोर हलला.

छातीवर ताण आला. सुटला. पुन्हा आला. मामा रागाने धापा टाकत होता, पण दोर सावकाश ओढला जात होता… थोरल्याच्या लयीत.

मामाने श्वास रोखून धरला.

छाती थांबली नाही…

ती वर-खाली होतच राहिली, सावकाश. ही छाती आपली नाही, असं त्याला वाटलं. मग हातही आपला वाटेना. ब्रश उजव्या हातात होता… तो डाव्यात गेला. डावखुरा थोरला होता.

मग तीन झटके. 'बाहेर ये'ची खूण. पाय आपले आपण शिडी चढले.

वर कुणी नव्हतं. दोर हूकलाच होता. मास्क काढून बघितला, तर गाळणी चिरलेली.

मुकादम धावत आला. "कुणाला विचारून वर आलास रे?"

मामाने छातीचा दोर सोडून टाकीत फेकला आणि हूकवरचं टोक मुकादमाच्या हातात कोंबलं. "धर! आता तू धर!"

टाकी रिकामी होती…

मुकादम पांढराफटक पडला. दोर चालू होता.

"भीती नाही वाटली?" असं विचारलं की मामा आजही उखडतो. "भीती कसली? माझा दोर दादाने धरला. त्याचा कुणी धरला नाही. चीड येते मला!"

पण मामी सांगते, रात्री कधीकधी त्याचा श्वास एकदम सावकाश होतो. ती घाबरून छातीवर हात ठेवते.

तो झोपेतच तिचा हात बाजूला करतो… डाव्या हाताने.