चौथ्या घरातली तिसरी पत्ती

"खिळे खाता का हो तुम्ही?"

पहिल्याच भेटीत कुणी कुणाला विचारावं असा हा प्रश्न नव्हे. पण विचारणाऱ्याच्या एका हातात इवलासा आरसा होता, दुसऱ्या हातात आकडी, आणि जिला विचारलं ती खुर्चीत आडवी पडून आ वासून होती. ओठाच्या कोपऱ्यात लाळ ओढणारी नळी गुरगुरत होती. उत्तर देणार तरी कसं?

"इ-एट," ती म्हणाली.

"काय?"

"इ-एट!"

त्याने नळी बाहेर काढली.

"रिव्हेट! आणि खात नाही, दातात धरते. दोन्ही हात कामात असतात. मग रिव्हेट ठेवायचं कुठे?"

"डबीत," तो शांतपणे म्हणाला आणि नळी परत तोंडात सरकवली.

खरं तर तिला रागच यायला हवा होता. पण मास्कच्या वर जे दोन डोळे दिसत होते त्यांच्या कडांना बारीक चुण्या पडल्या. तो हसत होता. मग राग कुठल्या कुठे गेला.

ती आली होती नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे. बाई मुलीच्या बाळंतपणाला गेलेल्या, तीन महिन्यांसाठी. त्यांच्या जागी हा. दारावर चिकटवलेल्या कागदावर नावसुद्धा नव्हतं, नुसतं 'बदली डॉक्टर'.

"ही तात्पुरती टोपी," दाढेचा टवका उडाला होता तिथे काहीतरी बसवत तो म्हणाला. "पक्की करून यायला दोन आठवडे लागतील. तोवर रिव्हेट, खिळे, टाचण्या, सगळ्यांना सुट्टी. हा कागद चावा… घासा… उघडा."

निळ्या कागदाची ती बोटभर पट्टी. दाढ जिथे जास्त टेकते तिथे निळा ठिपका उमटतो, आणि तेवढंच घासायचं असतं. त्याने दोनदा घासलं, तिसऱ्यांदा कागद चावायला दिला, आणि ती एकदम उठून बसली. ओठ निळे, डोळे लकाकलेले.

"मला यातल्या चार पट्ट्या द्याल?"

"पट्ट्या? औषध मागतात लोक."

"माझ्याकडे अशीच एक दाढ आहे," ती म्हणाली. "कुठे घासते तेच सापडत नाहीये."

*

त्या दाढेची गोष्ट अशी.

दवाखान्याच्या समोरच, रस्त्यापलीकडे, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर माउथ ऑर्गन दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान मावशीचं. मावशीची बोटं आताशा थरथरायची, म्हणून ती गल्ल्यावर बसायची आणि खिडकीतल्या टेबलाशी भाची. कानाला तोड नव्हती पोरीच्या. मावशी तिला ठकू म्हणायची, आणि ठकू गेली दोन वर्षं एकाच वेडापायी जागेवरून हलत नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता जिना वाजला. दवाखाना एक ते चार बंद असायचा.

"कोण रे बाबा?" मावशीने चष्म्यावरून पाहिलं.

"बदली डॉक्टर."

"ये, बैस. कायमच्या डॉक्टरांना बसायला सवड नसते."

त्याने पाकिटातून निळ्या पट्ट्या काढल्या. चार नव्हे, अख्खी वही. मग कोटाच्या खिशातून आणखी एक वस्तू काढली आणि जरा लाजला. कडा झिजलेला माउथ ऑर्गन.

"वाजवता?" तिने विचारलं.

"वाजवतो म्हणजे… बाथरूममध्ये. आणि एका जागी खोकतो."

"खोकता?"

"तिथला सूर मिळत नाही. मग खोकून पुढे जातो."

ती इतकी हसली की तात्पुरत्या टोपीवर तिला हात ठेवावा लागला. मग तो ओठांवरचं हसू तसंच ठेवून हळूच म्हणाला, "माझे बाबा जिना चढताना शीळ घालायचे. एकच चाल, कायम तीच. वर आले की बूट काढायला वाकायचे… आणि ते वाकले की शेवटचा सूरसुद्धा त्यांच्याबरोबर खाली वाकायचा. मी आतून धावत यायचो. ते नाहीत आता. चाल आहे माझ्याकडे. तो वाकणारा सूर तेवढा नाही."

"चौथं घर? फुंकेचा सूर?" ती म्हणाली.

त्याने चमकून पाहिलं. "कसं ओळखलंत?"

"कारण तिथेच सगळे अडतात." तिने टेबलावरचा, झाकण काढलेला माउथ ऑर्गन त्याच्यापुढे सरकवला. "ही छिद्रं आहेत ना, मावशी यांना घरं म्हणते. प्रत्येक घरात रिव्हेटने ठोकलेल्या दोन पितळी पत्त्या. एक फुंकलं की बोलते, दुसरी श्वास आत ओढला की. त्यातली जी उंच सुराची, ती खालचीच्या दिशेने झुकू शकते. पण खालची झुकणार कुठे? तिच्या खाली कुणीच नाही. म्हणून मी प्रत्येक घरात तिसरी बसवलीय, तिच्याहून खालच्या सुराची. ती एरवी गप्प असते. नुसती असते. तुम्ही तोंडातली हवा जराशी वळवली, की दुसरी तिच्याकडे झुकणार. मग प्रत्येक सूर वाकवता येईल. प्रत्येक!"

"म्हणजे कुणीतरी असलं, तरच झुकता येतं."

"मी पत्त्यांबद्दल बोलतेय, डॉक्टर."

"मीही पत्त्यांबद्दलच," तो म्हणाला. आणि मावशीने गल्ल्यावर उगाच रद्दी चाळायला घेतली.

त्या तिसऱ्या पत्तीचं दुखणं एवढंच की ती कुठेतरी खाचेला घासायची आणि माशीसारखी गुणगुणायची. कुठे, ते भिंगातूनही दिसत नव्हतं. आता तिने निळ्या कागदाची पट्टी पत्तीखाली सरकवली, नखाने पत्ती छेडली, कागद काढला… टोकाशी, डाव्या अंगाला, सुईच्या टोकाएवढा निळा ठिपका! कानशीचा एकच हात फिरवला. गुणगुण बंद.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाहेर भुरभुर पाऊस सुरू झाला होता, आणि खिडकी लावायचं कुणालाच सुचलं नाही.

*

मग रोज एक वाजता जिना वाजू लागला.

त्याच्याच बाजात तिसऱ्या पत्त्या लावायची ती, वाजवून पाहायचा तो. बाजा तिच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून तिच्याकडे. पण प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, तो खिशातून छोटी बाटली काढून, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून बाजाची कड पुसायचा.

"एवढं काय हो," ती चिडवायची. "माझं तोंड तर तुम्ही आतून पाहिलंय."

"म्हणूनच," तो गंभीरपणे म्हणायचा.

"दातांच्या डॉक्टरला जंतूंची स्वप्नं पडत असतील!"

"पडतात. हल्ली मात्र…" तो वाक्य पुसता पुसता अर्धंच ठेवायचा. आणि ते अर्धं वाक्य तिच्याबरोबर संध्याकाळपर्यंत राहायचं.

पक्की टोपी काही यायला तयार नव्हती. ती जिथे बनायची तिथला कारागीर आधी आजारी पडला. मग त्याचं लग्न निघालं. मग भट्टी बिघडली.

"बिचाऱ्यावर संकटांची मालिकाच आहे," ती म्हणाली.

"फार सोसलंय त्याने," तो म्हणाला.

आणि आठव्या आठवड्यात ती गोष्ट घडली. सकाळची वेळ, दुकानात ती एकटी. तिने चौथं घर फुंकलं, जबडा जरासा सैल केला, जीभ मागे घेतली… आणि सूर वाकला. तुटला नाही, अडखळला नाही. झोपेतलं मूल कुशीवर वळावं तसा अलगद खाली उतरला आणि तिथेच विसावला. तिच्या अंगावर काटा आला. दोन वर्षं! आता एक वाजायची खोटी, आणि मग तो हे ऐकेल, आणि…

आणि बाजा खिशात टाकून निघून जाईल. काम झालं की कशाला येतंय कुणी?

तिने पातळ पातं घेतलं आणि तिसरी पत्ती केसभर वर उचलली. बस, केसभर. तेवढ्याने ती बहिरी झाली.

"अजून नाही जमत," एक वाजता ती म्हणाली. मान खाली.

"नाही?" त्याचा आवाज मुळीच हिरमुसलेला नव्हता. पण तिचं लक्ष स्वतःच्या धडधडीकडे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्ती खाली, दुपारी वर. तिसऱ्या दिवशीही तेच. चार आठवडे! मावशी एकदा सुपारी कातरल्यासारखी सहज म्हणाली, "ठकू, सकाळी गातो नि दुपारी रुसतो असला बाजा मी उभ्या जन्मात पाहिला नाही."

ठकूचे कान लाल झाले, एवढंच.

*

शेवटचा शनिवार. सोमवारी डॉक्टरीणबाई परत येणार होत्या, आणि दारावरचा तो कागद निघणार होता.

"आज मी बघतो," तो म्हणाला. आरसा, आकडी, भिंग, सगळी हत्यारं बरोबर घेऊन आला होता. मावशी वाण्याकडे गेलेली. तो चौथ्या घरावर वाकला, आरसा तिरका धरला.

"पत्तीच्या बुडाशी ओरखडे आहेत," तो म्हणाला. "बारीक, पात्याचे. एकावर एक. हिला कुणीतरी रोज उचलतंय… आणि रोज परत बसवतंय."

आता खोटं बोलायला जागाच उरली नाही.

"वाजतो तो," ती म्हणाली. "चार आठवडे झाले."

"चार आठवडे?"

"तुमच्या बाबांचा सूर मी अडवून ठेवला." तिने पातं त्याच्यापुढे सरकवलं. "फार वाईट वागले, मला कळतंय. पण वाजला असता तर तुम्ही घेऊन गेला असता… मग एक वाजता या जिन्यावर कुणाची पावलं ऐकायची होती मी?"

तो उठला. दाराबाहेर गेला. जिना खाली खाली वाजत गेला आणि थांबला.

गेला! तिने डोळे पुसले. मग पातं घेतलं, पत्ती खाली बसवली आणि बाजाला झाकण लावलं. त्याचा आहे, त्याला पोचवायला हवा. रागाने गेला असला तरी. ती बाजा घेऊन जिन्यापर्यंत आली, तर तो दोनदोन पायऱ्या चढत वर येत होता. धापा टाकत. हातात काडेपेटीएवढी डबी.

"वाचा," तो म्हणाला.

डबीवर चिठ्ठी होती. तिच्या दाढेचा नंबर आणि तारीख. दहा आठवड्यांपूर्वीची.

"भट्टी बिघडली नव्हती," तो म्हणाला. "कारागीर ठणठणीत आहे. लग्न… झालंय त्याचं. पण त्याला दोन मुलं आहेत आता."

ती बघतच राहिली. मग हसू फुटलं आणि त्या हसण्यातच डोळे पुन्हा भरले.

"तुम्ही डॉक्टर आहात! लाज नाही वाटत?"

"वाटते ना. रोज वाटायची. एक वाजेपर्यंत. चला, आधी ही बसवू द्या, नाहीतर मला झोप लागायची नाही."

पुन्हा तीच खुर्ची, तीच गुरगुरणारी नळी. त्याचे हात मात्र आज जरा जास्तच जपून चालले होते. टोपी बसली. निळा कागद. "चावा… घासा… उघडा. टेकतंय कुठे?"

"नाही." तिने जीभ फिरवून पाहिली. दाढ अगदी तिचीच झाली होती.

मग तिने खिशातला बाजा काढला, ओठांना लावला आणि चौथं घर फुंकलं. सूर उभा राहिला, थबकला… आणि वाकला.

त्याने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"घ्या," तिने बाजा पुढे केला.

त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला. बाटलीवर बोटं टेकली. तिथेच थांबली. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि बाटली खिशातच राहू देऊन बाजा तसाच, न पुसता, ओठांशी नेला.

ती खुर्चीत पुढे सरकली.

तो वाजवू लागला. एकेक पायरी चढत जावी तशी ती चाल. जिथे तो इतकी वर्षं खोकत आला होता तिथे पोचला, डोळे मिटले… सूर खाली वाकला. कुणीतरी वर पोचलं होतं. बूट काढायला वाकलं होतं.

त्याने बाजा हळूच खाली घेतला.

"डॉक्टरीणबाईंचे गुडघे दुखतात," बाजाकडे बघत तो म्हणाला. "अर्धा दिवस दवाखाना सांभाळशील का, असं विचारलंय त्यांनी. मी अजून हो म्हटलेलं नाही. आधी एका ठिकाणी विचारायचं होतं."

"कुठे?"

"समोर… दुसऱ्या मजल्यावर. राहू का?"

"मला काय विचारता," ती शब्दागणिक अडखळत म्हणाली, "जिना काय माझ्या एकटीचा आहे? पण… एक वाजता उशीर केलेला मला चालणार नाही."

*

मावशी परत येऊन गल्ल्यावर बसली होती. दोघं आत आली तशी तिने चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"दाढ बसली?"

"बसली," ती.

"बाजा वाजला?"

"वाजला," तो.

"दिसतंच आहे," मावशी म्हणाली आणि टेबलावरचा आरसा उचलून दोघांपुढे धरला.

तिचे ओठ निळे. त्याचेही.

"अहो मावशी, ते… म्हणजे बाजा एकच होता ना… आधी यांनी वाजवला, मग मी. त्या कागदाचा निळा…"

"मी काही विचारलं का रे तुला?" मावशीने आरसा जागेवर ठेवला. "तुझी ती स्पिरिटची बाटली मात्र संपलेली दिसते."

बाटली भरलेलीच होती. पण ते सांगायचं धाडस कुणी केलं नाही.

आता त्या दुकानात एक वाजायला आला की ठकू कानस खाली ठेवते. दातात रिव्हेट असलंच तर चटकन डबीत टाकते. खालून चाल चढत येते, एकेक पायरी, अजिबात घाई न करता. दाराशी थांबते. एका हाताने बूट, एका हाताने बाजा… आणि शेवटचा सूर वाकतो.

ती धावतच जाते.