निगाळ्याच्या बनातली हाक

कळपातून चुकलेली चौरी गाय शोधत यांगजी निगाळ्याच्या बनात शिरली आणि धुक्यात कुणीतरी तान्ह्या पोरासारखं रडलं.

इथे… वस्तीपासून इतक्या वर?

तिनं सोबतच्या कुत्र्याची दोरी आवळली. निगाळ्याचे बारीक बांबू बाजूला सारले, तर समोर एक माणूस. पाठमोरा, उकिडवा. हलेना की डुलेना.

"कोण आहे?" तिचा आवाज चिरकला. "आधी पाय दाखवा!"

"सुलटेच आहेत," तो न वळता कुजबुजला. "हळू बोल. आणि त्या कुत्र्याला आवर. सकाळी तो मोकाट आला होता, त्यालाच भिऊन हाब्रेची, तांबड्या पांडाची, मादी पळाली. पिल्लू ढोलीत रडतंय."

तो खालच्या गावचा रानराखा होता. पापण्यांवर धुक्याचे थेंब साचलेले.

"कुत्रा माझाच," यांगजी ओशाळून म्हणाली. "काय शिक्षा?"

"बस इथे. मादी येईपर्यंत."

"आणि नाहीच आली तर?"

"तर… उद्याही बसावं लागेल." तो पहिल्यांदाच हसला.

मादीनं जरा उशीर केला तरी चालेल, असं तिच्या मनात आलं. लगेच लाजही वाटली. पिल्लाचा घसा बसत चालला होता.

दोघं खांद्याला खांदा लावून बसले. धुकं इतकं दाटलं की समोरचं गुरांसाचं झाडही दिसेना. आणि मग, अगदी कानाशी…

"यांगजी…"

आईचा आवाज. गेल्या हिवाळ्यात वारलेल्या आईचा! ती अर्धवट उठली. त्याचा गार हात तिच्या मनगटावर पडला.

"ओ देऊ नकोस."

कुत्रा अंग चोरून तिला चिकटला. वारा नव्हता, तरी समोरचे बांबू हलले. त्यातूनच मादी आली. तांबडी, पांढऱ्या तोंडाची, झुपकेदार शेपटीची. तिनं पिल्लाला मानेला धरून उचललं आणि ती धुक्यात मिसळून गेली.

चौरीचा शोध उद्यावर राहिला. उतरताना मनगट त्यानं सोडलं नव्हतं. तिनंही सोडवून घेतलं नव्हतं.

"तुम्हालाही ऐकू आलं ना… माझं नाव?"

"नाही." त्याची पावलं मंदावली. "मला माझंच ऐकू आलं. सकाळपासून येतंय."

"कुणाच्या आवाजात?"

"कुणा अनोळखी मुलीच्या. मग तू आलीस, 'कोण आहे' म्हणालीस…" तो थांबला. "तोच आवाज."

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. हात हिसडून पळायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर तिला पळायचं नव्हतं.

"मला तर तुझं नावही ठाऊक नाही," ती म्हणाली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, तिलाच कळलं नाही.

"निरहाङ."

रानात तिनं ते उच्चारलं नाही. तिच्या गोठ्यातल्या चुलीचा धूर दिसेपर्यंत नुसतं ओठांत धरून ठेवलं. कुत्रा पुढे धावला, तेव्हा ती टाचा उंचावून त्याच्या कानाशी म्हणाली, "निरहाङ…"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "असंच," तो पुटपुटला, "अगदी असंच."

"मग आता रोज ऐक," यांगजी म्हणाली, आणि तिनं गोठ्याचं फाटक त्याच्यासाठी उघडं धरलं.