शिशिरच्या पांढऱ्या पेशी

त्या दिवशी माझी ड्यूटी नव्हतीच. लॅबमधल्या माझ्या सोबतिणीला, दीपमालाला ताप आला, म्हणून तिच्याऐवजी मी वॉर्डात रक्त घ्यायला गेले. खाटेवर तो होता. डावा पाय मोडलेला, नजर माझ्या सुईवर.

"दीदी, दुखन का?"

"पाय मोडून घेतला आणि सुईला घाबरता?"

"पाय मोडला तेव्हा समोर तुम्ही नव्हत्या ना..."

"गंधाली म्हणा. दीदी नको," मी पटकन बोलून गेले आणि स्वतःच लाजले.

शिशिर भनपुरीच्या एका कारखान्यात वेल्डिंगचे जोड किरणांनी तपासायचा. एकदा तो किरणोत्सारी स्रोत पेटीत परत जाईना, तेव्हा घाईत उतरताना तो शिडीवरून पडला आणि मोडल्या पायानं स्रोताजवळच अडकला. जखम आणि किरणं, दोन्ही एकदम. किरणांमुळे रक्तातल्या पेशी घसरायच्या आत डॉ. दिवाकरांनी पायाचं ऑपरेशन उरकलं.

"एका औषधानं भागणार नाही," ते म्हणाले. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन, प्लेटलेट वाढवायचं दुसरं, वर अँटिबायोटिक... सगळं सोबत सुरू झालं.

दीपमाला परतली, तरी त्याचं रक्त मीच घ्यायचे. चार दिवसांत 'तुम्ही'चं 'तू' झालं. पांढऱ्या पेशींचा आकडा मात्र रोज खाली. बाराशे... सातशे... चारशे.

"आज किती?"

"ठीक आहे."

"मास्क लावला तरी डोळे खरं बोलून राहिले तुझे," तो म्हणाला. हसला, पण ओठ कोरडे होते.

अठराव्या दिवशी त्याला ताप भरला. पेशी दोनशे! त्यानं माझं हातमोज्यातलं बोट धरलं. केवढा कढत हात...

"गंधाली, मले तू आवडते. आता नाही सांगितलं तर—"

"भीतीपोटी सांगितलेलं मी ऐकत नसते," मी बोट सोडवलं. "बरा हो. मग बोल."

बाहेर काचेपाशी त्याची आई उभी होती. तिच्याकडे न बघता मी लॅबमध्ये पळाले आणि दार लावून रडले. काहून असं बोलले मी? त्याला पुन्हा बोलायला मिळालंच नाही तर?

डॉक्टरांनी अँटिबायोटिक बदललं. तीन दिवस आकडा हलला नाही. चौथ्या सकाळी मशीननं दाखवलं, नऊशे! मी पुन्हा तपासलं. मग काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून स्वतः मोजलं. नऊशेच!

मी जवळपास धावतच वॉर्डात गेले. तापही उतरला होता.

"पेशी चढल्या, शिशिर."

त्यानं मोडक्या पायावरची चादर सारखी केली. मग हळूच म्हणाला, "पाय लंगडा राहू शकते. तपासण्या सालोसाल चालतीन. डॉक्टर बोलले मले. म्हणून... त्या दिवशीचं विसरून जा."

मी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले.

"नाही विसरत," मी म्हणाले. "मलेही तू आवडतोस. आणि बघ, मी घाबरलेलीच आहे अजून... तरी सांगून राहिले."

त्यानं डोळे मिटले. मिटल्या पापण्यांतून पाणी आलं, आणि माझं बोट त्यानं पुन्हा धरलं. या वेळी मी सोडवलं नाही.