वर्गाच्या मागची खुर्ची

"म्याडम, बंडोपंत सरांनी शेरा लिहून ठेवलाय."

"कोण बंडोपंत?"

"आमच्या शाळेचे मुख्याध्यापक."

"ते तर संक्रांतीला वारले, उत्तमराव."

"म्हणून तर फोन केला!"

शिक्षण खात्यातली विस्तार अधिकारी देवश्री वसमतहून लगेच निघाली. शाळा कुरुंद्याच्या पुढे, हळदीच्या रानात. दोन खोल्या, दोन शिक्षक. प्रभारी मुख्याध्यापक उत्तमराव भरदिवसा अकरा वाजता फाटकाबाहेर उभे होते. कार्यालयात एकटं बसायची त्यांची छाती नव्हती.

त्यांनी शेरेबुक लांबूनच पुढे केलं. तपासणीला आलेला अधिकारी ज्यात आपलं मत लिहितो, ती ही वही. जुलैपासून तीत त्या अक्षरातले चार नवे शेरे होते. बंडोपंतांचं ते टपोरं, गोल अक्षर देवश्री चांगलं ओळखत होती. तिच्या अंगावर काटा आला.

"१२ सप्टेंबर. सपनाबाईंनी अंगणात खडूने अक्षरं काढली. तेवीस लेकरं. दोघं उपाशी आली होती. सगळ्यांनी वाचलं."

खाली सही नव्हती. चारपैकी एकाही शेऱ्याखाली नव्हती.

पहिला शेरा मात्र खुद्द देवश्रीबद्दल होता. तो तिने मनातच वाचला आणि वही मिटली. तिचे कान तापले होते.

"अन् ही खुर्ची," उत्तमराव कुजबुजले. "रोज संध्याकाळी मी हापिसात ठेवतो. सकाळी वर्गात मागं सापडते. सर तिथंच बसून तास बघायचे."

"तुम्हाला कोणाचा संशय आहे?"

"सपनाबाईचा. दुसरं कोण? सोमवारी तिची तीन वर्षं भरून राहिली."

सपना शिक्षणसेवक होती. तीन वर्षांनंतर मुख्याध्यापकाचा अहवाल चांगला गेला तर नोकरी कायम, वाईट गेला तर घरी. उत्तमरावांचा अहवाल वाईट होता: "१२ सप्टेंबर रोजी पाठ पाहिला. फळ्यावरील लेखन गचाळ. एकाही विद्यार्थ्यास वाचता येत नाही."

एकच दिवस, एकच वर्ग. एकजण जिवंत, एकजण मेलेला. खोटं कोण बोलत होतं?

देवश्री वर्गात गेली. तिवईवर लाकडी फळा होता, काळा कुळकुळीत. खालच्या कोपऱ्यात रंगाऱ्याने पांढऱ्या रंगात बारीक लिहिलं होतं: १२-९.

"हे शेरे तुम्ही लिहिलेत?" तिने सपनाला विचारलं.

"न्हाई, म्याडम."

"फायदा तर तुमचाच आहे."

"व्हय. पण माझं अक्षर बघा." तिचं अक्षर बारीक, तिरकं होतं.

"अक्षर वळवता येतं."

सपनाचे डोळे भरून आले. "खरं सांगू? मला वाटतं, सरच बघतात. तास सुरू असला की मागं कोणीतरी हाय असं वाटतं. भ्याव न्हाई वाटत. उलट हुरूप येतो."

मागच्या खिडकीला लागूनच स्वयंपाकाची शेड होती. चांगुणाबाई खिचडी हलवत होत्या. भिंतीवरच्या पाटीवर "आजचा आहार: मूगडाळ खिचडी" असं लिहिलं होतं. देवश्री ती पाटी जरा जास्तच वेळ वाचत राहिली.

"सकाळी शाळा कोण उघडतं?"

"मीच. तांदूळ हापिसात ऱ्हातो ना."

"बंडोपंत सर दिसतात तुम्हाला?"

"दिसाया कशाला पायजे? ते गेलेच न्हाईत."

देवश्रीने तिघांनाही वर्गात बोलावलं.

"आधी भुताचं बघू. बंडोपंत सही विसरणारे नव्हते. इथे सही नाही, कारण लिहिणाऱ्याला मेलेल्याची खोटी सही करायची नव्हती. आणि कोणतं लेकरू उपाशी आलं, हे अधिकाऱ्याला कळत नाही. ताट वाढणारीला कळतं. शेडमधली पाटी तुम्हीच लिहिता ना, चांगुणाबाई?"

चांगुणाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "व्हय. वहीतबी मीच लिवलं."

"सरांचं अक्षर कुठून आलं?"

"त्येनीच शिकवलं. मी खिडकीखाली तांदूळ निवडायचे. त्येनी आतून पाटी दिली. त्येंचंच अक्षर गिरवलं, दुसरं कुठून येनार?"

"आणि खुर्ची?"

"दवाखान्यात म्हनले, चांगुणा, खुर्ची मागं टाकत जा. बाईला वाटलं पायजे, कोणीतरी बघून राहिलं. म्या टाकली. बसायला कोणी येईना. मग एक म्याडम आल्या अन्..." त्या थांबल्या. "तवापासून लिवाया लागले."

उत्तमरावांच्या जिवात जीव आला. "सरकारी वहीत खिचडीवालीचे शेरे! कारवाई करा, म्याडम!"

"करते. बारा सप्टेंबरला तुम्ही याच वर्गात मागे बसून तास पाहिलात?"

"पाहिला की."

"फळ्यावरचं अक्षर गचाळ होतं?"

"लई गचाळ."

देवश्रीने फळ्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "त्या दिवशी हा फळा रंगवला. ओल्या रंगावर लिहिणार कोण? म्हणून बाईंनी अंगणात अक्षरं काढली. तुम्हाला ते ठाऊकच नाही. तुम्ही तास पाहिलाच नाही."

उत्तमराव घाम पुसू लागले. "पालकांपुढं म्हणाली ही, सर, वर्गावर कधी येता? लागलं मला." मग ते एकदम उसळले. "अन् वर्गात जातं कोण आजकाल? तुमी तरी..."

त्यांनी जीभ चावली. पण देवश्रीला ते बरोबर लागलं. तिने शेरेबुक उघडलं आणि जुलैचं पान मोठ्याने वाचलं. वर तिचाच शेरा, तिच्या सहीचा: "वर्गनिरीक्षण केले. अध्यापन समाधानकारक." खाली गोल अक्षरात: "म्याडम आल्या. व्हरांड्यात चहा घेतला. वर्गात आल्या नाहीत. बाई वाट बघत होत्या."

तिला लाज वाटली, आणि ती तिने लपवली नाही.

"तुमचा अहवाल खोटा आहे, तो रद्द होईल. चौकशी तुमची होईल. माझ्या या शेऱ्याचंही मी वर कळवणार आहे," ती उत्तमरावांना म्हणाली. मग वर्गाच्या मागे गेली आणि त्या खुर्चीत बसली. "बाई, मुलांना बोलवा. तास सुरू करा."

सपनाचा आवाज आधी कापला, मग सुटला. एकेक पोरगं उठून वाचत गेलं. देवश्रीने पूर्ण तास पाहिला, अहवाल लिहिला, सही केली. मग शेरेबुक चांगुणाबाईंपुढे धरलं.

"तुमच्या शेऱ्यांखाली सही करा. स्वतःच्या नावाची."

"मी? मी कोण?"

"तास पाहणाऱ्या."

चांगुणाबाईंनी हळदीने पिवळे झालेले हात लुगड्याला पुसले. चार शेऱ्यांखाली चार वेळा त्यांनी आपलं नाव लिहिलं, बंडोपंतांच्या गोल अक्षरात.