बोट न उचलणारा माणूस

वॅल्डा गॅलाहर ऑलवेनला विचारल्याशिवाय कुठलंच काम करत नसे. केस कधी कापायचे, मेंढे कधी विकायचे, फ्रीज दुरुस्त करावा की नवा घ्यावा, सगळं. ऑलवेन गावातल्या बेकरीच्या मागच्या खोलीत बसायची. चहा पिऊन झाला की कप बशीत उपडा करायचा, फिरवायचा, आणि तळाला चिकटलेल्या पत्तीकडे बघत ऑलवेन बोलायची. कधी खरं ठरायचं, कधी नाही. खरं ठरलं की वॅल्डा ते वर्षभर सांगत सुटायची. खोटं ठरलं की "पत्तीच शिळी असेल" म्हणून सोडून द्यायची. श्रद्धेचं गणित असंच असतं, त्याला हातचा कायम सापडतो.

तेव्हा सुनेला बाळंतपणासाठी गावच्या इस्पितळात कधी न्यायचं, हेही तिने कपालाच विचारलं. ऑलवेनने या खेपेला कप बराच वेळ हातात धरून ठेवला.

"मंगळवारी ने," ती म्हणाली. "आणि वॅल, वाटेत एक माणूस तुझा अपमान करील."

"माझा? कोण तो मेला?"

"नाव दिसत नाही. पण त्याच्यावर चिडू नकोस. त्याचे आभार मान. गाठून मान, पण मान..."

सून किरिली समुद्रकाठच्या मोठ्या शहरात वाढलेली. तिने हे ऐकलं आणि पोट धरून हसली. "वॅल, ही बाई अपमानाची भविष्यं कधीपासून सांगायला लागली? हे म्हणजे माश्यांचं भविष्य सांगण्यासारखं झालं. इथे रोज येतातच!"

"हस तू. तुझं लग्नसुद्धा तिने कपात पाहिलं होतं."

"मग मला आधी का नाही सांगितलं? पळून गेले असते."

दोघींचं असं चालायचं. वॅल्डाला ही पोर आवडायची, कारण ती तोंडावर बोलायची. मुलगा ब्रेट गुरं घेऊन उत्तरेला गेला होता, तो आठवड्याअखेर यायचा होता. बाळाला अजून दोन आठवडे अवकाश होता. त्या रानांतल्या बायका दिवस भरायच्या आधीच गावात जाऊन राहतात. इस्पितळ तिथे, आणि वाट लांबची.

मंगळवारी दुपारचं जेवण उरकून दोघी निघाल्या. वॅल्डाने कुत्र्यांना पाणी ठेवलं, कोंबड्या कोंडल्या, आणि थर्मासमध्ये चहा भरून घेतला. ऊन लख्ख होतं. रस्ता लाल मातीचा, सरळ, दोन्ही बाजूंना राखी झुडपं. पहिल्या तासाभरात समोरून एक दुधाची गाडी आली आणि एक टपालवाला. दोघांनी स्टिअरिंगवरून एकेक बोट वर केलं. वॅल्डानेही केलं.

त्या रस्त्यांची ही रीत. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचा हात न हलवता अंगठ्याशेजारचं बोट तेवढं वर करायचं. पंजा हलवतो तो शहरातला पाहुणा. दोन बोटं उचलतो तो भलताच लोचट. आणि काहीच न उचलणारा माणूस त्या मुलखात सापडायचा नाही. कुंपणावरून कोर्टात गेलेले सख्खे भाऊसुद्धा रस्त्यात भेटले की बोट उचलायचे, आणि मग कोर्टात जायचे.

दुपार कलायच्या आधीच पश्चिमेकडे आभाळ तांबूस झालं. मग तपकिरी. धुळीची एक भिंतच चालत आली आणि रस्त्यावर पसरली. वॅल्डाने काचा चढवल्या, दिवे लावले. भर दिवसा दिवे. उजेड विझत विझत विटकरी रंगाचा झाला. काचेवर बारीक वाळू सरसरत राहिली, आणि बंद गाडीतही वास शिरला, कोऱ्या मडक्याचा असतो तसा. मग वारा एकदम पडला. वाळूची सरसर थांबली. धूळ तशीच लटकून राहिली. इंजिनाशिवाय कसलाही आवाज नव्हता.

"वॅल..." किरिली म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "काहीतरी होतंय."

"काय होतंय?"

"सीट ओली झाली माझी. आणि हे... आई गं... हे दुखणं साधं नाही."

वॅल्डाने हात लावून सीट चाचपली. तोंडाने मात्र ती म्हणाली, "पहिलटकरणीला वेळ लागतो. लागेल रात्रभर. आपण तासाभरात पोचतो." तिने वेग वाढवता येईल तेवढा वाढवला. पण समोर दोन गाड्यांच्या लांबीपलीकडचं दिसत नव्हतं, आणि पहिलटकरणीच्या कळा काही इतक्या लागोपाठ येत नाहीत, हे चार बाळंतपणं पाहिलेल्या बाईला कळत होतं.

पुढच्या वळणाआड विल्गा ओढ्याचा उतार होता. ओढा म्हणायचा एवढंच. वर्षातून अकरा महिने तिथे वाळूच असायची आणि रस्ता त्या वाळूतून पार जायचा.

वळणाच्या अलीकडे समोरून एक गाडी आली. दिवे न लावता. जुनी, फिकट हिरवी, मागे उघडा हौदा असलेली. हौद्यात एक लाल कुत्रा उभा होता. वॅल्डाने सवयीने बोट उचललं.

गाडी हळू झाली, अगदी शेजारी आली. चालवणाऱ्याच्या डोक्यावर चुरगळलेली टोपी होती. त्याने वॅल्डाकडे सरळ पाहिलं, पाहतच राहिला. त्याची उजवी मूठ स्टिअरिंगवर जराशी हलली. पण बोट वर आलं नाही. तो तसाच निघून गेला. कुत्रा तोंड उघडून भुंकत होता, आणि त्याचं भुंकणं ऐकू आलं नव्हतं, हे वॅल्डाच्या फार उशिरा ध्यानात आलं.

"पाहिलंस?" ती फणकारली. "मेल्याने बोट उचललं नाही! माझ्याकडे बघून! चाळीस वर्षांत कोणाची हिंमत..."

"वॅल, मला इथे... मरायची वेळ आलीय... आणि तुला बोटाचं..." किरिलीने कळ सोसली, घाम पुसला, आणि तशातही तिला टोमणा सुचला. "झाला ना अपमान? जा आता. मान आभार."

वॅल्डाचा पाय ब्रेकवर पडला.

गाडी थांबली. आत फक्त किरिलीचा श्वास ऐकू येत होता. वॅल्डाने समोर पाहिलं. तिकडे इस्पितळ होतं, डॉक्टर होते, नर्स होत्या. मागे काय होतं? धूळ, आणि एक उद्धट माणूस. शहाणं माणूस पुढे गेलं असतं. वॅल्डालाही ते कळत होतं. ऑलवेनचं चुकलं तर फ्रीज नवा घ्यावा लागतो, एवढंच आजवर झालं होतं. या वेळी चुकलं तर काय जाणार, ते शेजारच्या सीटवर कण्हत होतं.

"गाठून मान, पण मान," ती पुटपुटली. आणि तिने गाडी वळवली.

"काय करतेस? वॅल! मी चेष्टा केली गं! वॅल, माझं बाळ..."

"मला ठाऊक आहे पोरी. मला ठाऊक आहे." वॅल्डाने गिअर टाकला. "मला शिव्या दे. पण बोलू नकोस."

किरिलीने दोन्ही केलं. शिव्या दिल्या, आणि मग बोलणं थांबवून रडायला लागली. वॅल्डाही रडत होती. देवाचं नाव तिला आठवेना, म्हणून ती ऑलवेनचंच नाव घेत राहिली.

हिरवी गाडी पुढे दिसायची, नाहीशी व्हायची. मग ती डावीकडे वळली, ओळखीच्या ट्रँटरांच्या रानाकडे जाणाऱ्या वाटेवर. वॅल्डा मागोमाग वळली आणि तिने करकचून ब्रेक दाबला. समोर फाटक होतं. बंद. तिने उतरून पाहिलं. साखळी लावलेली, आणि साखळीवर बोटभर धूळ साचलेली. फाटकापलीकडे मात्र ताजी धूळ उडत होती, नुकतीच गाडी गेल्यासारखी. खाली मातीत चाकांचे व्रण नव्हते. इकडे नाही, तिकडेही नाही.

तिच्या मानेवर काटा आला. मागून किरिलीची किंकाळी ऐकू आली, तेव्हा ती भानावर आली. तिने फाटक उघडलं, गाडी आत घेतली, आणि तशा आकांतातही खाली उतरून फाटक परत लावलं. सवय ती सवय.

घराजवळ आल्यावर धुळीतून आधी एक पांढरा पंख दिसला. मग दुसरा. अंगणापलीकडच्या धावपट्टीवर विमान उभं होतं. त्या मुलखात विमानाने रोग्यांकडे फिरणाऱ्या डॉक्टरांचं. दुसरीकडे निघालेलं, धुळीमुळे पुढे जाता येईना म्हणून अडून तिथे उतरलेलं. व्हरांड्यात डॉक्टरीणबाई म्हाताऱ्या आयला ट्रँटरबरोबर चहा पीत बसल्या होत्या.

बाळ अर्ध्या तासात आयलाच्या पलंगावर जन्मलं. मुलगी. गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे होते, आणि रंग असा की वॅल्डाने तोंड फिरवलं. डॉक्टरीणबाईंचे हात चालत राहिले. मग पाठीमागून एक चिडकं, बारीक रडणं आलं, आणि वॅल्डा होती तिथेच जमिनीवर बसली.

"गाडीत झालं असतं तर..." डॉक्टरीणबाई हात धुताना एवढंच म्हणाल्या.

वैमानिक रेडिओवर बोलून आला. "कुठून आलात तुम्ही? विल्गाला पूर आलाय म्हणतात. वर डोंगरात काल पाऊस झाला, त्याचं पाणी एकदम उतरलं. रस्त्यावरून माणूस बुडेल एवढं वाहतंय. या धुळीत दिसायचंही नाही कोणाला."

स्वयंपाकघरात आयलाने वॅल्डापुढे कप ठेवला, साखर जास्त घालून. वॅल्डाने तिला सगळं सांगितलं. गाडीचा रंग ऐकून आयलाने किटली खाली ठेवली.

"लाल कुत्रा होता मागे?"

"हो."

"त्या फाटकातून महिन्याभरात कोणी आलेलं नाही, वॅल्डा. आम्ही पलीकडची वाट वापरतो." तिने खुर्ची ओढून घेतली. "अर्नी पास्को. आमच्याकडे लोकर दाबायच्या यंत्रावर होता. तू लग्न होऊन इथे यायच्या आधी. सगळे त्याला उद्धट म्हणायचे."

"बोट उचलत नव्हता म्हणून?"

"उचलायचा गं. उचलायचाच तो... पण त्या यंत्राने त्याचं नेमकं तेच बोट मुळापासून नेलं होतं. नसलेलं बोट उचलायचा. समोरच्याला काय दिसणार? लोकांनीही मग त्याच्यासाठी बोट उचलणं सोडलं. तोंडाने सांगेल तर शपथ! लाजरा होता." आयलाने खिडकीबाहेर पाहिलं. "विल्गाला असंच पाणी उतरलं होतं. तो तिकडे चालला होता. पाणी पाहून परत फिरलेला एक जण त्याला वाटेत भेटला. पण बोट न उचलणाऱ्याला थांबवून कोण सांगणार? वाहून गेला बिचारा. कुत्र्यासकट."

वॅल्डाला ती जराशी हललेली मूठ आठवली. तिचे डोळे भरून आले. ज्याला तिने वाटेत मेला म्हटलं होतं, त्याने तिला रीतसर नमस्कार केला होता. ती कप तसाच ठेवून उठली, व्हरांड्यात गेली. धूळ खाली बसत होती, संध्याकाळचं पिवळं ऊन पडलं होतं. रिकाम्या वाटेकडे तोंड करून तिने बोट वर केलं. "उपकार झाले रे बाबा," ती म्हणाली. "फार फार उपकार झाले."

मुलीचं नाव अर्ना ठेवलं. ठेवणारी किरिली. "भुताबितांवर माझा विश्वास नाही," ती सगळ्यांना बजावून सांगायची, "पण सभ्यपणा म्हणून काही असतो की नाही?" ऑलवेनवरची तिची चेष्टा मात्र तेव्हापासून बंद झाली. कधीकधी ती वॅल्डाच्या पाठोपाठ बेकरीच्या मागच्या खोलीतही जाऊन बसायची, कप उपडा करून.

विल्गाच्या अलीकडच्या वळणावर वॅल्डा दर खेपेला बोट उचलते. समोर कोणी असो नसो. परवाही उचललं. लख्ख सकाळ होती, धुळीचा कण नव्हता, रस्ता पार क्षितिजापर्यंत मोकळा. अर्ना मागच्या सीटवर पट्ट्यांत बांधलेली होती. नुकतंच वर्ष झालं तिला, अजून टाटासुद्धा करता येत नाही. शिकवून शिकवून किरिली थकली.

गाडीत एकदम कोऱ्या मडक्याचा वास आला.

वॅल्डाने आरशात पाहिलं. अर्नाने उजवा हात वर केला होता. अंगठ्याशेजारचं बोट मुळापासून दुमडून तळव्यात दाबलेलं, बाकीची बोटं सरळ. ती हसत होती. मग तिची मान हळूहळू वळत गेली, समोरून बाजूच्या काचेकडे, बाजूच्या काचेकडून मागे... शेजारून जाणारी गाडी बघताना वळते तशी.

आणि मागे वळून झाल्यावर तिने तोंड उघडून, अगदी लहान आवाजात, भू भू केलं.