पास निघेपर्यंत

अनिश, जिन्यातला दिवा घालव आणि बस इथं. अनुया, तूही ये. हे ऐकीव नाही. तुम्ही या सोसायटीत यायच्या आधी माझ्या वरच्या खोलीत शार्दूल म्हणून भाडेकरू होता, त्याच्या बाबतीत घडलेलं आहे.

मूळचा उमरग्याचा पोरगा. इथं मोशीत एकटाच. कॉम्प्युटरचं काम, तेही बहुतेक घरी बसूनच. जिन्यात भेटला की नमस्कार करायचा, तेवढाच. एकदा मला म्हणाला, "श्यामकाका, शुक्रवारनंतर आज पहिल्यांदा कुणाशी बोलतोय." मी हसलो. तो हसला नाही.

तर पौष अमावस्या, रविवारची रात्र. त्याला चाकणच्या एका गोदामात पाठवलं होतं. गाड्यांच्या सुट्या भागांचं गोदाम. माल भरलेला ट्रक बाहेर काढायचा तर खिडकीवर गेटपास घ्यावा लागतो. क्लार्कने ट्रकचा नंबर टाकला की पास छापून यायला एक अख्खा चहा पिऊन व्हायचा. मागे रांग पार रस्त्यापर्यंत. रविवारी गोदाम बंद, म्हणून रात्रीत दुरुस्त करायचं आणि सकाळी मालकाला दाखवायचं. आधीच्या दोघांना ते जमलं नव्हतं. यालाही नाही जमलं तर दुसरी नोकरी बघ, असं साहेबाने तोंडावर सांगितलेलं.

रणजीत म्हणून वॉचमन होता. त्याने केबिन उघडून दिली, गेटला आतून कुलूप घातलं आणि चौकीपाशी शेकोटी करून बसला.

शार्दूलने एक जुना नंबर टाकून पाहिला. पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं. फिरतंच राहिलं.

"पास निघाला का, साहेब?"

केबिनच्या आत, खिडकीखालच्या बाकावर एक म्हातारा ड्रायव्हर बसलेला. खाकी शर्ट, कानावरून मफलर. शार्दूलला वाटलं, शनिवारी पास न मिळाल्यामुळे आत अडकलेल्या ट्रकचा असेल.

"वेळ लागतोय, मामा."

"लागू द्या. घाई कुनाला हाय."

मग मामांनी गाव विचारलं. जेवलात का, विचारलं. थंडीत एवढ्या लांब आलात तर अंगात स्वेटर का नाही, म्हणाले. शार्दूल नंतर मला म्हणाला, "काका, असं कुणी विचारायची सवयच गेली होती." तो बोलत राहिला. आईबद्दल, शाळेबद्दल, मोशीतल्या खोलीबद्दल.

"एवढा येळ का लागतो वो ह्याला?"

"एक ट्रक शोधायचा, तर हे पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या ट्रकच्या नोंदी एकेक करून वाचतं. गावात एका माणसाला गाठायचं म्हणून प्रत्येक दार वाजवत जावं, तसं. आता मी त्याला नंबरांचा इंडेक्स करून देणार. मग ते सरळ त्याच दारात जाईल."

"मंजी सध्या समद्यांची दारं वाजत्यात."

"हो. प्रत्येक पासाला."

"जे आता येत न्हाईत, त्यांचीबी?"

"त्यांचीही. म्हणून तर उशीर होतो."

मामांनी फिरत्या चक्राकडे पाहिलं.

"आन् उद्यापासनं?"

"उद्यापासून नाही वाजणार."

"आज न्हाई केलं तर?"

"माझी नोकरी जाईल, मामा."

मामांनी मफलर सोडून पुन्हा बांधला. "मग कर, लेकरा. प्वाट आधी. मी बसतो हितं."

शार्दूलने काम सुरू केलं. पडद्यावर निळी पट्टी हळूहळू पुढे सरकायला लागली. मामा बोलत होते. नगरच्या घाटातला एक ढाबा, तिथली बाजरीची भाकरी... मध्येच आवाज बारीक झाला. शार्दूलला वाटलं, वाऱ्यामुळे असेल. त्याने खिडकी लावून घेतली.

आवाज अजून लांब गेला.

मामा तिथंच होते. बाकावर. हाताच्या अंतरावर. तोंड हलत होतं. आवाज मात्र बाहेर आवारातून येत होता.

मग गेटाजवळून.

मग... गेटापलीकडून. रस्त्यावरून.

"मामा?"

मामा त्याच्याकडे बघत होते. ओठ हलत होते. शब्द नाही. काहीच नाही. तो वाकून पुढे झाला, पार तोंडाजवळ कान नेला...

पट्टी पूर्ण भरली.

बाक रिकामा.

त्याने तोच नंबर पुन्हा टाकला. बटणावरून बोट उचललं नव्हतं, तोवर पास बाहेर.

रणजीत दार लोटून आत आला. "झालं का, साहेब? कुणाचा फोन होता? मघापासून तुमचा आवाज येतोय."

"फोन नाही. मामा होते ना... ट्रकवाले."

"कुठले मामा? आत एक ट्रक नाही. चावी माझ्या खिशात आहे."

शार्दूल उजाडेपर्यंत शेकोटीपाशी बसून राहिला. सकाळी मालकाने पाठ थोपटली. हा तसाच मोटारसायकलवरून मोशीला आला. खाली फाटक मीच उघडलं. चेहरा बघून त्याला जिन्यातच बसवलं, चहा दिला, आणि त्याने हे सगळं मला सांगितलं, अगदी जसंच्या तसं. "ते शेवटचं काय म्हणाले, ते कळलं नाही," हे पुन्हा पुन्हा म्हणत होता.

तो झोपायला वर गेला. मी फाटक लावायला खाली उतरलो. गाडी आडवीच लावली होती, म्हणून सरळ करायला गेलो.

नवी गाडी होती रे. घेतल्यापासून तिच्यावर मागे कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

मागचे दोन्ही फूटरेस्ट उघडे होते.